न पेरता उगवणारी भाजी



महोत्सवात शिक्षकाने बोलावयाचे म्हटले की श्रोते शिक्षणावरील चार गंभीर शब्द ऐकण्याची तयारी करून बसतात. आम्ही मात्र आज भाजीविषयी बोलणार आहोत. तीही मंडईतील नव्हे, तर जी कोणी पेरीत नाही, जिला कोणी पाणी घालीत नाही आणि पाऊस पडला की जी आपण होऊन बांधावर, उकिरड्याच्या कडेला व घराच्या परसात उगवते, अशा भाजीविषयी. विषय हलका वाटेल. परंतु ज्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिळकत आणि खर्च यांची गाठ पडत नाही त्या घरात तो हलका नसतो, आणि कोणत्याही धर्मादाय न्यासाकडे येणारे बहुतेक अर्ज अशाच घरांतून येतात, हे विश्वस्त मंडळींना आम्ही सांगावयास नको.

अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून जी कुटुंबे माळव्यात आली, त्यांनी आपली भाषा आणली, सणवार आणले, पुरणपोळी आणली. टाकळा मात्र त्यांना आणावा लागला नाही. तो येथे त्यांच्या आधीपासून होता, फक्त त्याचे नाव पुवाड होते. चाकवताला येथे बथुआ म्हणतात, तांदुळज्याला चौलाई, शेवग्याला सुरजना, कर्टोल्याला ककोडा आणि उपासाच्या भगरीला मोरधन. आपण जिला घोळ म्हणतो ती हिंदीत कुल्फा होते, आणि तिचेच बी युनानी औषधांच्या दुकानात तुख्मे-खुर्फा या भारदस्त नावाने पुडीत बांधून मिळते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी हकीमसाहेबांनी खुर्फा सांगितला, तेव्हा घरच्या मंडळींनी चार दुकाने पालथी घातली. त्यांच्याच नळाच्या मोरीपाशी हातभर घोळ पसरलेली होती.

यात हसण्यासारखे आहे तसे विचार करण्यासारखेही आहे. मराठी आजीला एक नाव ठाऊक असते, शेतात निंदणीला येणाऱ्या माळवी बाईला दुसरे आणि हकिमाच्या चोपडीत तिसरे असते. तिघांजवळही ज्ञान आहे, पण त्यांची एकमेकांशी गाठ नाही. आजी गेली म्हणजे तिचे नाव गेले, आणि नावाबरोबर ती भाजी कोणत्या महिन्यात खुडावी, कितीदा उकळावी, कोणाला वाढू नये, हेही गेले. आमच्या वर्गात आम्ही पुष्कळदा मुलांना शाळेच्या कुंपणाकडे नेऊन एकेका रोपाचे नाव विचारतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते, 'घास' किंवा 'गवत'. कोणत्याही भाषेत विचारा, उत्तर तेच.

माळव्यात ही संपत्ती इतकी का होती, याला कारण येथील जमीन आणि येथील जुनी शेतीची रीत. काळी चिकण माती पावसाळ्यात इतकी फुगते की तिच्यात पाय ठेवणे कठीण होते. म्हणून पुष्कळ शेतकरी खरिपात शेत पडीक ठेवीत, पावसाचे पाणी जमिनीत मुरू देत, आणि हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा घेत. चार महिने पडीक राहिलेल्या त्या शेतात आणि त्याच्या बांधांवर जे उगवे त्याला शेतकरी तण म्हणे आणि त्याची बायको भाजी म्हणे. दोघांचेही खरेच होते.

मृगाचा पाऊस पडून गेला की पहिला येतो टाकळा. त्याची कोवळी पाने उकडून, पिळून, लसणीच्या फोडणीवर मुगाच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीबरोबर परतली की चवीला किंचित कडसर पण रुचकर भाजी होते. कोकणात तर पहिल्या पावसाची भाजी म्हणजे टाकळाच. त्याची गंमत अशी की सूर्य मावळला म्हणजे त्याची पाने मिटतात. मुलांना वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा द्यावयास याहून चांगले साधन आम्हांस ठाऊक नाही. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, कारण गजकर्णावर त्याचे बी उगाळून लावण्याची चाल होती. त्याच्या मागोमाग तांदुळजा, माठ, केना, कुर्डू येतात. कुर्डूला गुलाबी-पांढरे तुरे फुटण्याच्या आत त्याची पाने घ्यावीत, तुरा आला की ती राठ होतात. श्रावणात कुंपणावर कर्टोली लागतात. या वेलीत नर आणि मादी निराळे असतात आणि फळ मादीवेलीलाच येते. फळ संपले की वेल सुकतो, पण जमिनीतील कंद जिवंत राहून पुढल्या पावसात पुन्हा फुटतो. हे ज्याला माहीत नाही तो कुंपण साफ करताना कंद उपटून टाकतो आणि दोन वर्षांनी मंडईत त्याच कर्टोल्यांना भारी भाव देतो. थंडीत गव्हाच्या सरींत चाकवत येतो, त्याची ताकातील पातळ भाजी ज्याने खाल्ली आहे त्याला आम्ही अधिक सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात शेवग्याची फुले आणि पाला, आणि जंगलाच्या बाजूस महुवा, चारोळी, टेंभुर्णी. मांडूकडील खिरण्या मेच्या कडक उन्हात विकावयास येतात तेव्हा शहरातील मुलांना ठाऊक नसलेला पिवळा गोडवा त्यांत भरलेला असतो. मांडूची ती अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच तर मूळ आफ्रिकेतील. ती तेथवर कशी पोचली हा इतिहासाचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

आता हे सारे एका लहानशा घराच्या दिवसात कसे बसते ते पाहू. सांवेर, देपालपूर, राऊ या बाजूंस विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याचा आम्हांस प्रसंग येतो. घर दोन खणांचे, मागे पाचदहा गुंठ्यांचा परस, एक गाय, दोन शेळ्या, कुंपणाला शेवगा आणि एरंड. घरातील बाई उजाडण्यापूर्वी उठते, शेण उचलते, गोठ्यातील ओली माती एका बाजूस ओढते, चुलीतील राख डब्यात भरते. मग ती खुरपे घेऊन निंदणीला बसते, आणि तिच्या हाताखाली नकळत तीन ढीग होत जातात. कोवळे शेंडे ओटीत जातात, ती संध्याकाळची भाजी. केना, तांदुळज्याचे राठ देठ, हरळी हे गायीपुढे जाते. टाकळ्याला जनावर सहसा तोंड लावीत नाही, म्हणून त्याची जून रोपे, वाळका पाला आणि बाकीचे सर्व खड्ड्यात जाते. दुपारी ती पळसाची पाने टाचून पत्रावळी लावते. संध्याकाळी मुले शेळ्या घेऊन परततात तेव्हा त्यांच्या खिशात बोरे किंवा करवंदे असतात. या घरात कचरा म्हणून निराळी वस्तूच नाही. इंदूर शहराने २०१७ पासून लागोपाठ वर्षे स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळविला, याचा आम्हांस अभिमान आहेच. पण ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची विद्या त्या परसातील बाईला कोणी गाडी पाठवून शिकविलेली नाही.

त्या खड्ड्याविषयी इंदूरकरांनी दोन शब्द अधिक ऐकावेत, कारण जगात ज्या एका गोष्टीला शेतीच्या पुस्तकांत इंदूरचे नाव लागले आहे ती हीच. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था निघाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक झाले. १९३१ पर्यंत ते येथे होते. तण, काड्या, पाला, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्याची माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओल राखावयाची, तीन वेळा उलथापालथ करावयाची आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत काढावयाचे, या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. तिच्यावरील १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना माहीत असते. हॉवर्डसाहेब शेतकऱ्यांना आणि पिकावरील किडींनाही आपले अध्यापक मानीत. आम्ही शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट आम्हांस विशेष आवडते. किडीला अध्यापक म्हणणारा मनुष्य निंदणाऱ्या बाईला विसरला नाही, यात नवल नाही. त्या बाईचा खड्डा आणि चिनी शेतकऱ्यांची जुनी रीत, यांनाच त्यांनी शास्त्राची शिस्त लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले तेव्हा त्यांनी या संस्थेतील खताचे काम पाहिले. त्याच वर्षी वर्ध्याच्या मगनवाडीत ते हिरव्या पाल्याचे प्रयोग करीत होते आणि 'हरिजन' पत्रातून खेड्यातील कार्यकर्त्यांना पालेभाज्यांचे महत्त्व पटवून देत होते. खत आणि पाला ही एकाच परसाची दोन टोके आहेत हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. आपली मुले त्यावरून रोज शाळेत जातात-येतात.

मग बिघडले कोठे? कोणा एकाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन आले आणि जी शेते पावसाळ्यात पडीक राहात ती सर्व पिकाखाली गेली. शेतकऱ्याच्या हातात खरिपातही पैसा आला, पक्की घरे झाली, मुली शाळेत आल्या. १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच स्थापन झाले. हे सारे चांगलेच झाले. परंतु पडीक गेले तशी पडिकातील भाजीही गेली, आणि मजूर महाग झाल्यावर खुरप्याच्या जागी तणनाशकाचा फवारा आला. फवारा ओटी बांधून येत नाही. तो टाकळा आणि घोळ यांत निवड करीत नाही. ज्या बांधावर पूर्वी गरीब घरची बाई कोणाला न विचारता मूठभर भाजी खुडी, तेथे आता ती खुडणे धोक्याचे झाले आहे. कारण कालच फवारणी झाली की नाही हे पानाकडे पाहून कळत नाही.

त्यात भर गाजरगवताची. हे परदेशी तण आपल्या देशात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम पुण्यात नोंदले गेले, आणि आज इंदूरचा एकही मोकळा भूखंड त्यापासून मुक्त नाही. ते अंगाला लागले तर पुष्कळांना खाज सुटते, दमा उसळतो. त्याच्यावर सोडण्यासाठी १९८४ साली मेक्सिकोतील एक भुंगेरा बंगळूरला आणला गेला. पण आम्हांस अधिक गोड वाटणारी गोष्ट ही, की गाजरगवताला दाबून टाकणाऱ्या वनस्पतींत शास्त्रज्ञांनी आपल्या टाकळ्याचीही गणना केली आहे. पावसापूर्वी त्याचे बी दाट फेकले तर तो गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. शाळेच्या मागील पटांगणात हे करून पाहण्यास खर्च येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. रानभाजीची स्तुती करणारे वक्ते हल्ली पुष्कळ झाले आहेत, महाराष्ट्रात तर पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरतात. आणि जे रानातले ते सारे निर्दोष, अशी एक भाबडी समजूत पसरू लागली आहे. ती समजूत मुलांचे प्राण घेऊ शकते. टाकळ्याचा एक भाऊ आहे, त्याला आपण कासोदा किंवा रानटाकळा म्हणतो आणि हिंदीत कसौंदी. तो त्याच उकिरड्यावर, त्याच पावसात, टाकळ्याच्या शेजारी उगवतो. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षे पावसाळा सरला की लहान मुले एकाएकी आजारी पडत, बेशुद्ध होत आणि दोनचार दिवसांत दगावत. त्याला मेंदूज्वर समजून विषाणू शोधले जात होते. २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी मुलांच्या घरांभोवती पाहणी करून दाखवून दिले, की मुलांनी खेळताना कसौंदीच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या. २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी बालके दगावली तेव्हाही तज्ज्ञांनी याच झाडाकडे बोट दाखविले. गरिबांची मुले, भुकेची वेळ आणि ओळख सांगणारे कोणी नाही, एवढ्यावरच हे घडते.

म्हणून दोहोंतील भेद येथे स्पष्ट सांगतो, आणि भगिनींनी तो घरी जाऊन मुलांना दाखवावा. टाकळ्याच्या देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पान टोकाला गोल, तळाशी निमुळते असते. कासोद्याला चार ते सहा जोड्या असतात आणि पान टोकाला अणकुचीदार असते. टाकळ्याची शेंग सुतळीसारखी बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. कासोद्याची चपटी, रुंद आणि जवळजवळ सरळ. कासोद्याचे पान चुरगळले तर उग्र घाण वास येतो. यांपैकी एका खुणेवर विसंबू नये, सर्व खुणा जुळल्या तरच हात लावावा. रोप कोवळे असताना खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात, तेव्हा जाणत्या बाईला दाखविल्याशिवाय खुडूच नये. मुलांना तर दोन्हींच्या बिया तोंडात घालू देऊ नयेत.

तीच गोष्ट गुंजेची आणि मोगली एरंडाची. लाल-काळी गुंज मुलांना मण्यासारखी मोह घालते आणि ती चावून फोडली तर जीवघेणी ठरते. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते. त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळे १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन कित्येक माणसे मेली. निरुपद्रवी भाज्यांनाही मर्यादा आहे. घोळ, चाकवत, तांदुळजा यांत ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणून ज्यांना मूतखड्याचा विकार आहे त्यांनी त्या बेताने खाव्यात आणि उकडलेले पाणी टाकून द्यावे. आणि भाजी कितीही ओळखीची असली तरी खान नदीच्या काठची, नाल्याच्या पाण्यावर वाढलेली किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेची घेऊ नये. हे आम्ही कठोरपणे सांगतो, कारण फुकट मिळालेली वस्तू नाकारण्याचे धैर्य गरजवंताला सहसा होत नाही.

स्वयंपाकाविषयी फार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. तरी एवढे सांगतो, की ब्राह्मणाच्या घरी घोळ ताकात शिजते, माळवी घरात ती मुगाच्या डाळीत जाते आणि दक्षिणेकडील मुसलमान घरांत कुल्फा-गोश्त होतो. रमजानचा महिना चंद्राच्या गतीने सर्व ऋतूंतून फिरतो. २०१२ ते २०१४ या वर्षांत तो पावसाळ्यात आला होता, तेव्हा पहाटेच्या सहरीला आमच्याकडे डाळीतली घोळ असे; दिवसभर तहान कमी लागते अशी जुन्या बायकांची श्रद्धा. शास्त्र काय म्हणते ते म्हणो, भाजी मात्र उत्तम लागते. पान एकच असले तरी भांडी निराळी आहेत, आणि ही सर्व भांडी एका पंगतीत मांडली तर न्यासाच्या वार्षिक सभेतील त्याच त्या बटाट्याच्या भाजीतून आपली सुटका होईल.

आणखी एक गोष्ट. रानात जे मिळते त्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या ताटातले आपण हौसेने उचलू नये. धार-झाबुव्याकडील भिल्ल बाया महुवा, चारोळी, टेंभुर्णी, सीताफळे वेचून बाजारात आणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी लोकांचा हा हक्क मान्य केला आहे. आपण सहलीला जाऊन पिशव्या भरून आणणे हा निसर्गप्रेमाचा प्रकार नव्हे. रालामंडळ तर १९८९ पासून अभयारण्यच आहे, तेथे काही तोडता येत नाही. आपला हक्क आपल्या परसावर, कुंपणावर आणि शाळेच्या आवारावर. खिरणी आणि चारोळी भिल्ल बाईकडून घ्यावी, तिने सांगितलेल्या भावाने घ्यावी, आणि घेताना त्या झाडाविषयी तिला दोन प्रश्न विचारावेत. ती मोजक्या शब्दांत जे सांगते ते आमच्या पाठ्यपुस्तकात नसते.

हे सर्व लिहून ठेवण्याची वेळ आली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकांनी आपल्या वनस्पती-प्राण्यांची नोंदवही करावी अशी योजना आहे. आपण तिची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. न्यासाने एक जाड कागदाची मोठी वही घ्यावी आणि शाळेतील मुलांच्या हाती द्यावी. एका पानावर एक वनस्पती. वर तिची मराठी, माळवी आणि युनानी किंवा वैद्यकी नावे, मध्ये वर्तमानपत्रात दाबून वाळविलेली डहाळी, खाली कोठे आणि कोणत्या महिन्यात मिळाली, कोणता भाग खातात, कसा शिजवितात, तिच्यासारखी दिसणारी विषारी वनस्पती कोणती, आणि ही माहिती कोणी सांगितली ते. सांगणारीचे नाव, तिची संमती असेल तर, अवश्य लिहावे; हॉवर्डसाहेबांच्या पुस्तकावर वाडांचे नाव आहे, तसे या वहीवर निंदणाऱ्या बायांचे असावे. जी नोंद दोन जाणत्या व्यक्तींनी पाहिली नाही आणि कृषी महाविद्यालयातील कोणा वनस्पतितज्ज्ञाने तपासली नाही, ती पेन्सिलीने लिहावी. तपासल्यावर शाई फिरवावी.

पहिले पान आम्ही सुचवितो: डाव्या बाजूस टाकळा, उजव्या बाजूस कासोदा, समोरासमोर. मृगाचा पाऊस पडल्यावर दोनतीन आठवड्यांत टाकळा खुडण्याजोगा होतो. तोवर वहीवर रेघा मारून ठेवण्याचे काम सातवीच्या मुलांनी पत्करले आहे.